गादी घेऊन दगड शोधताना

आईने मला फ्रिजवरून उतरायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "दोन मिनिटं." ती म्हणाली, दोन मिनिटं माणूस अंथरुणातून उठायला मागतो, फ्रिजवरून उतरायला नाही.

फ्रिजवर नुसतं चढण्यात काही विशेष नाही. दाराच्या चौकटीला बोटांच्या टोकांनी लोंबकळत, ओट्याला पाय न लावता फ्रिजपर्यंत जाणं विशेष आहे, आणि ते मला त्या सकाळी पहिल्यांदा जमलं होतं. पण आमच्या घरात असल्या गोष्टींची कदर नाही. बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही. फ्रिजचं दार उघडलं, माझ्या पायांमधून हात घालून दूध काढलं आणि म्हणाले, "पाय जरा वर घे."

"हे सगळं तुझ्यामुळे," आई ताईला म्हणाली.

ताई हॉलमध्ये उघड्या बॅगेसमोर बसली होती. ती बॅग कित्येक दिवस तशीच आ वासून पडली होती आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून चालायला शिकलो होतो. ताई तिच्यात एक स्वेटर ठेवायची, बॅगेच्या कडेवर बोटांनी टकटक करायची, मग तोच स्वेटर बाहेर काढायची. ताई दातांची डॉक्टर. समुद्रापलीकडच्या एका देशात तिला नोकरी लागली होती, आणि तो देश म्हणे इतका सपाट आहे, की पूल आला की सायकलवाले एकमेकांना धीर देतात.

चढायचं वेड मुळात तिचं. शहरात एक गोदाम होतं. आत प्लायवूडची उंच भिंत, तिच्यावर ठोकलेल्या प्लास्टिकच्या रंगीत पकडी आणि खाली जाड गाद्या. दोर नाही, काही नाही. चढायचं, पडायचं, परत चढायचं. याला बोल्डरिंग म्हणतात. आई याला "परत का?" म्हणते. ताई दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायची आणि संध्याकाळी तिथे जाऊन सरळ व्हायची. मलाही तिनेच नेलं. मग एके दिवशी मालकाने ते गोदाम कपाटं ठेवायला दिलं. आम्ही शेवटचं बघायला गेलो, तर भिंतीला पाठ लावून कपाटंच कपाटं उभी. ताई त्यातल्या एकावर चढली. ते कण्हलं. आम्ही निघालो.

तेव्हापासून दोघांचे हात शिवशिवत होते. मी घरात सापडेल त्यावर चढायचो. ताई काहीच करायची नाही, आणि ते जास्त वाईट होतं. जेवताना ती टेबलाच्या कडेखाली बोटं अडकवून टेबल तोलून बघायची आणि बाबांचं ताट माझ्याकडे घसरायचं.

"काड्या," एका संध्याकाळी ती मला म्हणाली. हे माझं नाव नाही, पण ओ मी यालाच देतो. "इतकी वर्षं चढले मी, पण खऱ्या दगडाला एकदाही हात लावला नाही. सगळं प्लास्टिकवर."

"मग तिकडे जाऊन लाव."

"तिकडे दगड नाहीत. आणि तिकडे गेल्यावर मी चढणार नाही, मला माझं माहितीये. नवीन नोकरी, नवीन भाषा, त्यात एकटी. एकदा सुटलं की सुटलं." परत टकटक. "जायच्या आधी मला एक दगड पाहिजे. एकच. मोठा असला तर बरं, पण खरा पाहिजे. त्याच्या डोक्यावर उभं राहायचं आणि मग जायचं."

ताईने आजवर माझ्याकडे रिमोट सोडून काही मागितलेलं नव्हतं. मी दगड शोधायला बसलो.

आमचं शहरही तसं डोंगराळ नाही. इथे लोक गतिरोधकाला चढ म्हणतात. त्यामुळे दगड शोधायचा तर आभाळातूनच बघावं लागतं. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडायचा, बोटांनी ताणून मोठा करायचा, करडा ठिपका सापडला की त्याची सावली बघायची. सावली लांब, तर दगड उंच. हे मी दुकानात करायचो. मी गाद्यांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन डोळे मिटायचं आणि मी काउंटरमागे सावल्या ताणायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय शांत दुकान आहे.

पहिला सापडला तो शहराबाहेरच्या एका माळावर. एक कसला, दगडांचा अख्खा घोळका. मी दुकानाचा टेम्पो काढला आणि मागे डिस्प्लेची गादी टाकली. गिऱ्हाइकांनी बसून बसून तिला मधोमध खळगा पडला होता, त्यामुळे ती विकायची आशा मालकांनी सोडली होती. ताईने दवाखान्यात दुपारची सुट्टी घेतली, आणि वाटेत तिने माझ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर इतकी टकटक केली, की मला वाटलं इंजिन गेलं.

माळावर पोचलो. माळ होता, गवत होतं. दगड नव्हते.

"इथेच," मी मोबाइल फिरवत म्हणालो.

"मग गेले कुठे?"

दगड सहसा जात नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या कुंपणापाशी एक करडा घोळका हलला. मेंढ्या होत्या. उपग्रह वरून गेला त्या दिवशी त्या इकडे बसल्या असणार.

"तू सावली मोजली होतीस ना?" ताईने विचारलं.

"मोजली होती."

"किती उंच आला होता?"

"मला वाटलं, छोटा असेल."

ताई हसली नाही. एक मेंढी आमच्याकडे रोखून बघत होती. आपण कोणाला फसवलं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

दुसरा दगड हलणारा नव्हता, याची मी खात्री करून घेतली. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे काढून बघितले, तो जागेवरच. एका मोठ्या सोसायटीच्या बागेत उभा होता, चांगला पुरुषभर उंच, पुढे झुकलेला, देखणा. सुरक्षारक्षक पार्किंगमध्ये होता तोवर ताईने बूट चढवले आणि झपाट्याने निम्म्यावर गेली. तिथे दगडातून बासरी वाजायला लागली. मग एका बाईचा गोड आवाज आला, "कृपया हिरवळीवर चालू नये."

ताई सावकाश खाली उतरली. तिने बोटाच्या पेराने दगडावर टिचकी मारली. आतून पोकळ, स्पीकर बसवलेला.

"प्लास्टिक," ती म्हणाली. दातांच्या डॉक्टरने दातओठ खाल्ले की फार नीट खाल्ले जातात.

सुरक्षारक्षक धावत आला. "कोण चढलं होतं वर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाण्याचा आवाज घोगरा झाला."

त्यानंतर ताईने स्वेटर बॅगेत ठेवला आणि तो काढला नाही. बॅग भरायला लागली, तशी मला झोप येईनाशी झाली. गाद्यांच्या दुकानातल्या माणसाला हे शोभत नाही. विमानाचा दिवस फ्रिजवर लिहिलेला होता, आणि मी फ्रिजवर जाता येता तो माझ्या तळपायाखाली यायचा.

खरा दगड सापडला तो मी कामावर असताना. म्हणजे खरोखर काम करत असताना.

शहराबाहेरच्या एका दगडांच्या खाणीत गादी पोचवायची होती. तिथले मुकादम, म्हणजे खाणीत कुठला दगड कुठे आणि कसा फोडायचा हे ठरवणारे गृहस्थ. त्यांची पाठ धरली होती. ऑफिसच्या मागच्या खोलीत त्यांची लोखंडी खाट होती, तिच्यासाठी कडक गादी. मी ती डोक्यावर घेऊन खोलीला वळसा घातला आणि तसाच थांबलो.

टेम्पोवर टेम्पो ठेवला तर होईल एवढा दगड होता. एकटाच, खाणीच्या एका कडेला. समोरच्या अंगावर खालून डावीकडून वर उजवीकडे तिरकी जात असलेली एक भेग, आणि तिच्या काठाने लहान लहान खोबण्या, कंगोरे, बोटं मागणाऱ्या जागा. माझ्या तळहातांना घाम सुटला. गादी घसरायला लागली.

"काय झालं, गादीवाले?" मुकादम म्हणाले.

"हा दगड कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? खाणीचा. खाणीत दगड असायचेच."

"त्याच्यावर रविवारी जरा..." मी म्हणालो. मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी दगडावर का चढतात, हे मी आईला अजून पटवू शकलो नव्हतो.

मुकादमांनी माझ्या डोक्यावरच्या गादीकडे बघितलं. मग दगडाकडे. मग परत गादीकडे. "गादीचं काही आहे का?"

"चाचणी," मी म्हणालो. "गादीची चाचणी. उंचावरून माणूस पाडून बघावा लागतो."

"खरा माणूस?"

"माझी ताई."

मुकादमांनी आपली पाठ चोळली. "फार काळजी घेता हो तुम्ही लोक," ते शेवटी म्हणाले. "या रविवारी. खाण बंद असते, मी एकटाच असतो."

रविवारी ताई दगडासमोर उभी राहिली आणि हात खिशात घालून उभीच राहिली. वाटेत टकटक करून करून माझा आरसा सैल करणारी बाई! शेवटी तिने एक तळहात दगडावर ठेवला.

"खरखरीत आहे," ती म्हणाली, आणि एवढं बोलून नाक ओढलं.

मुकादमांनी सावलीत खुर्ची टाकली आणि चहा घेतला. मी गादी अंथरली. ताई चढली आणि पडली. परत चढली, परत पडली. प्लास्टिकवर पकड रंगाने कळते. इथे सगळंच करडं. म्हणून ती एकेक जागा चाचपून शोधायची आणि सापडली की तिच्याशेजारी पांढरी रेघ मारायची. आम्ही हाताचा घाम सुकवायला जी पांढरी पूड वापरतो, तिचाच खडा घेऊन. म्हणजे वर गेल्यावर जीव टांगणीला लागलेला असतानाही बोट नेमकं तिथेच जातं. दुपारपर्यंत भेगेच्या काठाने पांढऱ्या रेघांची तिरकी माळ तयार झाली.

"गादी टिकतीये का?" प्रत्येक वेळी ताई पडली की मुकादम विचारायचे.

"टिकतीये," मी म्हणायचो.

"आणि ताई?"

"तीही."

शेवटच्या खोबणीपासून दगडाच्या माथ्यापर्यंत एक झेप होती. ताई तिथपर्यंत जायची, झेपायची, तिची बोटं माथ्याच्या काठाला लागायची आणि ती खाली यायची. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांची सालटी निघाली. ती गादीतल्या खळग्यात उताणी पडून माथ्याकडे बघत राहिली, आणि तिची टाच गादीवर आपटत होती, आपटतच होती.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी विमान आहे. हरकत नाही. पुढच्या रविवारी."

आता आमच्यात एक शिस्त असते. चढून झालं की आपल्या रेघा, हाताचे पांढरे ठसे, सगळं ब्रशने घासून पुसायचं. दगड जसा होता तसा ठेवायचा. ताई याबाबतीत इतकी कडक, की गोदामातल्या भिंतीवरसुद्धा लोकांच्या मागे फिरायची. माझ्या खिशात तिने कायमचा टूथब्रश कोंबलेला. दवाखान्यात फुकट वाटायला येतात त्यातले.

"पुसू?" मी ब्रश काढून विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "परत इथूनच सुरू करायचंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती हे म्हणाली.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. ताई जेवताना हवेत चढायची. डावा हात, उजवा हात, पाय बदल, झेप. आईने तिच्यापुढे भात वाढला, तर तिने तो बोटांनी वाडग्याच्या काठावर चढवला. बाबांनी आपलं ताट आधीच धरून ठेवलं होतं. दवाखान्यात एका पेशंटला ती म्हणे म्हणाली, "आता उजवा पाय वर," आणि त्याने घेतला.

रविवारी आम्ही खाणीच्या फाटकाशी पोचलो तर आतून आवाज येत होता. खाण बंद असताना यायला नको होता तो. ड्रिलचा.

ताईने तो आवाज माझ्याआधी ओळखला. धंदाच आहे तिचा. टेम्पो थांबायच्या आत ती उतरून पळत सुटली.

दगडाला शिडी लावलेली होती. शिडीवर तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस ड्रिल बंद करून खाली उतरत होता. आणि दगडावर, भेगेच्या काठाने, जिथे जिथे ताईची पांढरी रेघ होती तिथे तिथे एकेक गोल भोक. धूळ आत जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात कागदाचा बोळा बसवलेला.

"या या, गादीवाले!" मुकादम खोलीतून बाहेर आले. "आज जरा कामात आहोत. उद्या सकाळी गाडी येतीये, हा दगड फोडून द्यायचाय."

"ही भोकं..." ताईने एका बोळ्यावर बोट ठेवलं.

"काय सुंदर ओळ आलीये ना? अगदी भेगेच्या काठाने. मला तर कधी आखली तेही आठवत नव्हतं."

मग उलगडा झाला. त्या खाणीतली पद्धत अशी होती: मुकादम फिरत फिरत दगड बघतात, जिथे भोक हवं तिथे खडूने रेघ मारतात आणि पुढे जातात. ड्रिलवाला मागून येतो आणि जिथे पांढरं दिसेल तिथे भोक पाडतो. दोघांत बोलणं होत नाही, कारण ड्रिल चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही आणि बंद असताना ड्रिलवाला जेवत असतो. मारलेल्या रेघा मुकादम लक्षात ठेवत नाहीत. रेघ मारायची ती त्यासाठीच. नंतर भोकांत लोखंडी पाचरी बसवतात, घणाने आळीपाळीने ठोकतात, आणि दगड त्या ओळीत उकलतो.

"त्या रेघा माझ्या होत्या," ताई म्हणाली.

मुकादमांनी ड्रिलवाल्याकडे बघितलं. ड्रिलवाल्याने खांदे उडवले. "पांढरं होतं," तो फडक्याआडून म्हणाला.

ताई त्याच्यावर चाल करून गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. तिने त्याच्यासमोर उभं राहून श्वास घेतला, बोट उगारलं, आणि तेवढ्यात त्याने फडकं काढलं. त्याचा गाल टम्म सुजलेला.

"आ करा," ताई म्हणाली.

त्याने आ केला.

"कधीपासून?"

"आँ आँ."

"आणि तसेच हादरे सहन करताय? उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं. चिठ्ठी देते." तिने त्याचा जबडा मिटला. मग ती दगडाकडे वळली आणि तिचे खांदे पडले. "भोकं मात्र स्वच्छ पाडलीयेत," ती हळूच म्हणाली. "काठ कुठे फुटला नाहीये."

मी तिला बाजूला घेतलं. "ताई, अजून फोडलेला नाही. आणि भोकं बघ ना, बोटं बसतील अशी आहेत. आता तर सोपं झालं. शिडीसारखी चढशील."

"काड्या, भोकात बोटं घालायची तर मी रोज घालतेच की."

"पण माथा तर तोच आहे."

"माथ्यावर शिडीनेही जाता येईल. लाव शिडी. प्लास्टिकच झालं मग." ती दगडासमोर येरझाऱ्या घालायला लागली. बोटं मांडीवर वाजत होती. "आमच्या रेघांनीच मेला तो. मी पुसायला हवं होतं. एक दिवस पुसलं नाही मी. एक दिवस!"

येरझाऱ्या घालता घालता ती दगडाच्या मागे गेली आणि तिचा आवाज बंद झाला.

मी मागे गेलो. दगडाची ती बाजू आम्ही कधी नीट बघितलीच नव्हती. खाणीच्या खड्ड्याकडे तोंड केलेली, सावलीतली, भेग नसलेली. खाली उतार आणि वेडेवाकडे धोंडे. ताई दोन्ही हातांनी ती चाचपत होती. तिच्या बोटांना काहीतरी सापडत होतं, ते मला दिसत नव्हतं.

"इथून," ती म्हणाली.

"इथे पडलीस तर विमानात तुला सामानात टाकावं लागेल."

"मग पडू नको असं सांग."

मुकादमही मागे आले. "ताई, आम्हाला आज उरकायचंय हो."

"मला फक्त थोडा वेळ द्या. एक... गादीची एक शेवटची चाचणी राहिलीये."

मुकादम माझ्याकडे वळले. "मला काय दुधखुळा समजता का? पहिल्याच रविवारी कळलं होतं मला. गादीची चाचणी असती, तर पडल्यावर तुमच्या ताईंना बरं वाटलं असतं. त्यांनी दगडाला काय काय शिव्या दिल्या, मी सगळ्या ऐकल्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"चहा संपेपर्यंत करमणूक होत होती." त्यांनी उताराकडे बघितलं, आमच्या खळग्याच्या गादीकडे बघितलं आणि ओरडले, "ए, माझ्या खाटेवरची गादी आण!"

ड्रिलवाला सुजलेला गाल सांभाळत नवी गादी घेऊन आला. त्याने आणि मी दोन्ही गाद्या उतारावर रचल्या, खाली धोंडे सारखे केले. मुकादम पाठीला हात लावून सूचना देत होते. गादी विकत घेतल्यापासून ते तिच्यावर झोपत होते, त्यामुळे कोणत्या कोपऱ्यात दम आहे ते त्यांनाच ठाऊक.

ताईने हाताला पूड लावली. खडा मात्र खिशातच ठेवला. एकही रेघ मारली नाही.

पहिल्यांदा ती लगेच पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा घरंगळत गादीच्या काठापर्यंत आली आणि ड्रिलवाल्याने तिला पायाला धरून थांबवलं. "मुकादम," तो म्हणाला, "ही बाई माझा दात काढणार आहे?" तिसऱ्यांदा ती गेली. कुठे काय धरलंय ते दिसतच नव्हतं. दगड नुसताच होता आणि त्याच्यावर ताई होती. वर एका ठिकाणी ती थबकली. एक पाय थरथरायला लागला. तिच्या बोटांना ओळखीची खूण सापडत नव्हती, कारण नव्हतीच.

"ताई, वर डावीकडे!" मी ओरडलो. मला काहीही दिसत नव्हतं. नुसतं ओरडायचं म्हणून ओरडलो.

"गप्प बस, काड्या!" तिने उजवीकडे हात टाकला. मग टाच वर गेली, मग कोपर, मग कोपरावर सगळी ताई. एक क्षण ती काठावर पोट टेकवून, पाय हवेत हलवत राहिली, अजिबात शोभत नव्हतं, आणि मग पाय नाहीसे झाले.

थोड्या वेळाने ती माथ्यावर उभी राहिली. आम्हाला वाटलं, ओरडेल, हात वर करेल. ती कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघत होती, आणि पुन्हा सगळीकडे बघत होती. कसलातरी पत्ता शोधत असावी तशी.

"उतरा आता!" मुकादम म्हणाले. "घण तयार आहे."

"ब्रश टाक," ती मला म्हणाली.

मी टूथब्रश वर फेकला. वरून खाली येता येता ज्या ज्या जागी तिचे पांढरे ठसे उमटले होते त्या तिने घासल्या, गोल गोल, हिरडी सांभाळून घासावं तशा. खाली आल्यावर मागची बाजू जशी होती तशी होती, करडी, कोऱ्या चेहऱ्याची. कोणी काही विचारलंच तर ती कबूल करणार नाही अशी.

मग ड्रिलवाल्याने बोळे काढले, पाचरी बसवल्या आणि घण उचलला. तो खालून वर एकेकीवर एकेक घाव घालत गेला, पुन्हा खालून सुरुवात. प्रत्येक फेरीला पाचरींचा आवाज चढत गेला. ताईच्या दोन्ही मुठी तिच्या तोंडाशी. एका क्षणी आवाजच बदलला. दगडातून कोरडा कट्‌ असा शब्द निघाला, पांढऱ्या रेघांच्या ओळीत तो तिरका उकलला आणि एक भाग सावकाश बाजूला पडला.

धूळ बसली. उभ्या राहिलेल्या अर्ध्या दगडाला नवाच चेहरा आला होता. ताजा, फिकट, बारीक कंगोऱ्यांचा, आजवर उन्हालाही न दिसलेला. ताई त्याच्याजवळ गेली. हात लावला नाही. पण बोटं हलायला लागली, मांडीवर, एकेक, डावं, उजवं, झेप.

"हा कधी फोडणार?" तिने विचारलं.

"खुणा केल्यावर," मुकादम म्हणाले. "माझी रेघ पडल्याशिवाय इथे कोणी दगडाला बोट लावत नाही." त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेला खडू घ्यायला हात नेला. खडू नव्हता. "इथेच होता."

मी ताईकडे बघितलं. ताई आभाळाकडे बघत होती.

ती गेली. जाताना बॅगेत स्वेटर होता, बूट होते, आणि आईने आग्रह करूनही तिने बॅगेचा छोटा कप्पा कोणाला उघडू दिला नाही.

मुकादमांचा मधून मधून फोन येतो. पाठ बरी आहे, ड्रिलवाल्याचा दात गेला, ताईंचं कसं चाललंय. मी विचारतो, दगड? ते म्हणतात, आहे, खडू नाही ना. मी म्हणतो, खडू दुकानात मिळतो. ते म्हणतात, हो मिळतो, बघू, वेळ होत नाही जायला.

काल मी फ्रिजवर होतो. आई म्हणाली, उतर. मी म्हणालो, ताईचा मेसेज आलाय. ती म्हणाली, मग तिथूनच वाच.

फोटो होता. तिच्या नव्या दवाखान्याच्या खिडकीतून काढलेला. सपाट हिरवी जमीन, सपाट आभाळ, आणि लांब क्षितिजाशी काही करडे ठिपके. खाली लिहिलं होतं, "काय वाटतं?"

"मेंढ्या," मी लिहिलं.

बराच वेळ ती टाइप करत राहिली. मग उत्तर आलं.

"कालपासून हललेल्या नाहीत."